वकिलाची पहिली भेट

नमस्कार, श्रोतेहो.

वकिलाचं काम बोलण्याचं, असं बहुतेकांना वाटतं. युक्तिवाद, उलटतपास, हेच तर लोकांना दिसतं. पण खटल्याची दिशा पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी ठरते, पक्षकार पहिल्यांदा वकिलासमोर येऊन बसतो तेव्हा. त्या भेटीत वकील कसा ऐकतो, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

समजा, एक बाई येतात. म्हणतात, "भाऊ मला घरात हिस्सा द्यायला तयार नाही." वकिलाच्या डोक्यात लगेच फाइल उघडते, वाटणीचा दावा. प्रश्न सुरू होतात. घर कुणाच्या नावावर? वडील कधी वारले? मृत्युपत्र आहे का? सगळे प्रश्न रास्तच. बाई उत्तरं देतात, वकील टिपून घेतो. आणि निघता निघता, पर्स खांद्याला अडकवत बाई म्हणतात, "मागे बँकेचं काम आहे म्हणून भावाने एका कागदावर सही घेतली होती. त्याचं काही नसेल ना?"

तो कागद हक्कसोडपत्र निघाला तर? मग प्रश्न नुसत्या वाटणीचा राहत नाही, सही फसवून घेतली का, याचा होतो. पुरावा बदलतो. दावा लावायची मुदत वेगळी मोजावी लागते. बाईंनी काही लपवलेलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने कोणती गोष्ट वजनदार, हे त्यांना कळणार कसं? वकिलाला ते कळतं, पण गोष्ट त्याच्या कानावर आली तर!

१९७७ साली अमेरिकेत डेव्हिड बाइंडर आणि सुझन प्राइस यांनी वकिलांसाठी पक्षकाराशी बोलण्याची एक पद्धत मांडली. आधी पक्षकाराने आपली अडचण स्वतःच्या शब्दांत सांगायची. मग पहिल्यापासून काय घडलं, ते क्रमाने. कायद्याचे नेमके प्रश्न त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्या गोष्टीची वकिलाला कल्पनाच नाही, तिच्याबद्दल तो विचारणार तरी काय?

शिवाय प्रश्नातल्या शब्दांचाही परिणाम होतो. १९७४ साली मानसशास्त्राचे संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता? पहिल्यांनी सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास सांगितला, दुसऱ्यांनी ३२ च्या. अपघात तेच, फक्त क्रियापद बदललेलं.

म्हणून "त्याने तुम्हाला धमकी दिली ना?" हा प्रश्न मला धोक्याचा वाटतो. घाबरलेला माणूस "हो" म्हणून जातो आणि पुढे तोच शब्द त्याच्या आठवणीत जाऊन बसतो. मग समोरचा वकील उलटतपासात विचारतो, "नेमकं काय म्हणाला तो?" आणि साक्षीदार अडखळतो. त्यापेक्षा पहिल्या भेटीतच "तो काय म्हणाला?" एवढं विचारावं आणि गप्प राहावं. उत्तराला वेळ लागला तर लागू द्यावा.

पक्षकाराला शेवटी काय हवं आहे, हेही असंच उलगडतं. प्रत्येकाला निकालच हवा असतो असं नाही. कुणाला प्रकरण लवकर मिटवायचं असतं, कुणाला समोरच्याने चूक कबूल करावी एवढंच हवं असतं.

वकिलांकडे गर्दी असते, हे मान्य. पण सुरुवातीला वाचवलेली पंधरा मिनिटं पुढे दावा दुरुस्त करताना कितीतरी पटीने द्यावी लागतात.

आणि श्रोतेहो, तुमच्यावर कधी वकिलाकडे जायची वेळ आली, तर घटना तारखांनिशी एका कागदावर लिहून न्या. स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट आधी सांगा; घडून गेलेल्या गोष्टींबद्दल तुम्ही विश्वासाने जे सांगता, ते गुप्त ठेवणं वकिलाचं कर्तव्य आहे. आणि तो मध्येच तोडायला लागला, तर "आधी माझं पूर्ण ऐकून घ्या" असं म्हणायला मुळीच संकोचू नका.