विनअ‍ॅम्पच्या चित्रातली बटणं आणि स्क्रीन रीडर

[दृश्य: विनअ‍ॅम्प २ ची मुख्य खिडकी, पडदाभर मोठी करून.]

निवेदन:
ही विनअ‍ॅम्पची मुख्य खिडकी. रुंदी २७५ पिक्सेल, उंची ११६. नलसॉफ्ट कंपनीचा हा प्लेअर १९९७ साली आला आणि एमपीथ्री गाणी ऐकणाऱ्यांच्या संगणकांवर पाहता पाहता पसरला. खालच्या ओळीत डावीकडून मागचं गाणं, सुरू, विराम, बंद, पुढचं गाणं आणि फाइल उघडा अशी सहा बटणं आहेत. त्यांच्यावर गाण्यात पुढे-मागे सरकायची लांब पट्टी आणि तिच्याही वर आवाजाची छोटी पट्टी.

डोळ्यांना हे सगळं दिसतं. विंडोजच्या लेखी मात्र इथे एकही बटण नाही. आहे ती एकच खिडकी आणि तिच्यावर रंगवलेलं चित्र. माउसचा क्लिक त्या चित्रात नेमका कुठे पडला, याचा हिशोब विनअ‍ॅम्प स्वतःच करतो.

[दृश्य: स्किनमधली आवाजाच्या पट्टीची चित्रफाइल, वरून खाली हळूहळू सरकते.]

स्किनच्या, म्हणजे प्लेअरचं रूप ठरवणाऱ्या चित्रांच्या, फोल्डरमधली ही फाइल पाहा. आवाजाच्या पातळीची २८ चित्रं एकाखाली एक रचलेली आहेत. आवाज वाढला की त्यांतलं पुढचं चित्र समोर येतं. पातळी या फाइलमध्ये शब्दात किंवा आकड्यात कुठेच लिहिलेली नाही, मग पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने वाचायचं तरी काय?

स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नाही. तो प्रत्येक घटकाला प्रश्न विचारतो: तुझं नाव काय, तू बटण की पट्टी, दाबलेला आहेस की नाही, तुझी किंमत किती. हे प्रश्न विचारायची रीत मायक्रोसॉफ्टने १९९७ साली अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी या नावाने आणली. विंडोजची साधी, तयार बटणं वापरली तर त्यांच्या वतीने विंडोजच उत्तर देतं. हाताने रंगवलेल्या बटणाचं उत्तर प्रोग्रामरला लिहावं लागतं, आणि जुन्या प्लेअरांमध्ये ते बहुधा कोणी लिहिलंच नाही.

[ध्वनी: गाणं सुरू होतं. एनव्हीडीएचा आवाज गाण्याचं नाव सांगतो.]

तरीही कितीतरी दृष्टिहीन श्रोते वर्षानुवर्षं विनअ‍ॅम्पच वापरत राहिले. त्याची कारणं दोन. चालू गाण्याचं नाव खिडकीच्या शीर्षकात येतं, त्यामुळे एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि टी दाबलं की ते ऐकू येतं. आणि सगळा कारभार कीबोर्डवरून चालतो. कीबोर्डच्या खालच्या ओळीतली पाच अक्षरं बटणांच्याच क्रमाने आहेत: झेडने मागचं गाणं, एक्सने सुरू, सीने विराम, व्हीने बंद, बीने पुढचं. डाव्या-उजव्या बाणाने ५ सेकंद मागे-पुढे, वर-खालच्या बाणाने आवाज जास्त-कमी. ‘जे’ हे अक्षर दाबून गाणं शोधता येतं, कंट्रोल आणि ‘जे’ दाबून हव्या त्या मिनिटावर जाता येतं.

अडचण येते ती परिणाम कळण्यात. एस दाबलं की गाणी उलटसुलट क्रमाने वाजणं चालू किंवा बंद होतं, आर दाबलं की पुन्हा वाजवणं. पण आत्ता चालू झालं की बंद? विनअ‍ॅम्प फक्त एक छोटा दिवा रंगवतो. एनव्हीडीए लिहिणाऱ्यांनी यातून सुंदर वाट काढली. प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहिणाऱ्यांसाठी विनअ‍ॅम्पने संदेशांचे क्रमांक ठरवून दिले होते. २५० क्रमांकाचा संदेश पाठवला की उलटसुलट क्रमाची स्थिती कळते, २५१ ने पुनरावृत्तीची. एनव्हीडीएचा विनअ‍ॅम्पसाठीचा भाग एस किंवा आर दाबल्यावर हाच प्रश्न विचारतो आणि उत्तर बोलून दाखवतो. चित्राशी झटापट करायची गरजच उरत नाही.

आवाजाच्या पातळीसाठी एनव्हीडीएत अशी सोय मिळाली नाही. ती नक्की कुठे आहे हे ठाऊक हवं असेल, तर वरचा बाण दाबून ठेवून टोक गाठायचं आणि तिथून मोजून खाली यायचं.

[दृश्य: विंडोज एक्सपीतली व्हॉल्युम कंट्रोलची खिडकी, त्यातली ‘वेव्ह’ पट्टी.]

विंडोज एक्सपीच्या काळात याहून मोठा धोका होता. विनअ‍ॅम्पचा आवाज वेव्हआउट या मार्गाने बाहेर पडत असेल, तर प्लेअरची पट्टी सगळ्या संगणकाची ‘वेव्ह’ पट्टी हलवायची. स्क्रीन रीडरचं बोलणंही त्याच पट्टीतून येतं. खालचा बाण जरा जास्त वेळ दाबला गेला की गाणं बंद, आणि गाणं बंद झाल्याचं सांगणाराही बंद. संगणक चालू आहे की अडकला, हेही कळायला मार्ग नाही. यावरचा उपाय विनअ‍ॅम्पच्या सेटिंगमध्ये आउटपुटसाठी डायरेक्टसाउंड हा दुसरा मार्ग निवडणं, म्हणजे प्लेअर फक्त स्वतःचाच आवाज कमी करतो. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा राखला जातो, म्हणून हा धोका टळला.

पातळी न कळण्याची अडचण इतर प्लेअरांतही आहे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि वरचा बाण दाबा. आवाज वाढतो आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात टक्के उमटतात. हे टक्केही चित्रातच मिसळलेले, त्यामुळे स्क्रीन रीडरला ती अक्षरं सापडत नाहीत.

[दृश्य: एका साध्या प्लेअरची खिडकी, विंडोजच्या तयार पट्ट्यांसह. फोकस पट्टीवर. ध्वनी: “स्लायडर… ६०”.]

तयार पट्टी वापरली म्हणजे काम झालं असंही नाही. आत्ता ऐकलंत ते ६० कशाचे? आवाजाचे, बॅलन्सचे की गाण्यातल्या जागेचे? तयार पट्टीला स्वतःचं नाव नसतं. खिडकीच्या मांडणीत तिच्या लगेच आधी जी मजकुराची पाटी येते, तिचं नाव पट्टीला मिळतं. पाटी पडद्यावर पट्टीशेजारी दिसत असूनही कोडमध्ये क्रमाने नंतर आली असेल, तर पट्टी निनावी राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच पट्टीचं नाव घेते. दुरुस्ती एका ओळीची आहे: पाटी पट्टीच्या आधी आणा.

इक्वलायझरच्या, म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या, उभ्या पट्ट्या आणखी फसव्या. विंडोजच्या उभ्या पट्टीत शून्य वरच्या टोकाला असतं. वरचा बाण दाबला की सूर वाढतो आणि ऐकू येणारा आकडा मात्र घटत जातो. प्रोग्रामर आतल्या आत किंमत उलटी करून घेतो, त्यामुळे कानाला बरोबर लागतं आणि बोलणं उलटं होतं. अशी पट्टी आडवी ठेवणं हा आमच्या मते सर्वांत सोपा इलाज.

आणि गाण्यात सरकायची पट्टी? ती दर सेकंदाला पुढे जाते. तिच्यावर फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, असताना प्रत्येक पावलाला ‘किंमत बदलली’ अशी वर्दी गेली, तर गाणंभर आकड्यांची बडबड ऐकावी लागते. ही वर्दी ऐकणाऱ्याने स्वतः पट्टी हलवली तरच द्यावी, आणि ‘४१२’ असं न सांगता ‘२ मिनिटं १० सेकंद’ असं सांगावं. सुरू-विरामचं बटण एकच असेल, तर चित्राबरोबर त्याचं नावही बदलायला हवं.

[दृश्य: एनव्हीडीएची लॉग खिडकी.]

तपासणी अगदी सोपी आहे. एनव्हीडीए मोफत आहे. त्या घटकावर जा, इन्सर्ट आणि एफ१ दाबा. उघडलेल्या खिडकीत नाव, भूमिका, स्थिती, किंमत ओळीओळीने दिसतात. नावाच्या ओळीत काही नसेल, तर दोष प्लेअरचा आहे, स्क्रीन रीडरचा नाही. पडदा बंद करून फक्त टॅब दाबत फिरा, बाकीच्या उणिवा आपोआप समोर येतात.

गाण्याखाली स्क्रीन रीडरचं बोलणं बुडत असेल, तर विंडोज ८ किंवा पुढच्या आवृत्तीत, संगणकावर इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएत इन्सर्ट, शिफ्ट आणि डी दाबा. बोलणं चालू असेपर्यंत बाकीचे आवाज खाली येतात.

[ध्वनी: एनव्हीडीए प्रश्नचिन्हं वाचत राहतो.]

हे आहे देवनागरीत नाव दिलेलं एक मराठी गाणं, विनअ‍ॅम्प २ मध्ये. हा प्लेअर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपी सामावणाऱ्या संकेतांच्या, आधीच्या पद्धतीने चालतो, आणि त्या पद्धतीत विंडोजने देवनागरीला जागाच दिलेली नाही. म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. इथे आवाज मराठी निवडला तरी फरक पडत नाही, कारण स्क्रीन रीडरपर्यंत अक्षरं पोहोचलेलीच नसतात. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली नावंही अशीच निरर्थक रोमन अक्षरांत वाचली जातात.

यासाठी एमपीथ्रीटॅगसारख्या प्रोग्राममध्ये नावं युनिकोडात पुन्हा लिहा. सेटिंगमध्ये आयडी३ ची, म्हणजे गाण्याची माहिती फाइलमध्येच साठवायच्या पद्धतीची, २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हा युनिकोडचा प्रकार निवडा. मग ती फाइल फूबार२००० मध्ये उघडा. २००२ साली आलेल्या या प्लेअरची खिडकी विंडोजच्या तयार घटकांनी बनलेली आहे आणि तो युनिकोड जाणतो. एनव्हीडीएला ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज द्या. इन्सर्ट आणि टी दाबलं की गाण्याचं नाव मराठीत ऐकू येतं, इन्सर्ट आणि एंड दाबलं की खालच्या पट्टीतून किती वेळ वाजलं ते. एनव्हीडीएत कीबोर्डची लॅपटॉप मांडणी निवडलेली असेल तर एंडबरोबर शिफ्टही दाबावा लागतो.