संत्र्याच्या झाडाच्या सालीतला व्हायरस वाचायचा कसा?

काटोलच्या बागेत जा नाहीतर वरूडच्या, एखादं तरी झाड असं दिसतंच, पानं पिवळी, शेंडे वाळलेले, फळं लिंबाएवढी, आणि शेतकरी म्हणतो डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, असेल. असतोही बऱ्याचदा. पण कधी कधी भानगड ट्रिस्टेझा व्हायरसची असते, म्हणजे सीटीव्ही. तो कलमाच्या डोळ्यातून येतो आणि पुढं मावा त्याला झाडोझाडी फिरवतो.

हा आरएनए व्हायरस, म्हणजे याची माहिती डीएनएऐवजी आरएनएत चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेली, आणि जीनोम, म्हणजे ती सगळी लिखावट, भलताच लांब. पोलिओचा साडेसात हजार अक्षरांत आटोपतो, फ्लोरिडातल्या टी-३६ या सीटीव्हीच्या प्रकाराचा १९९५ मध्ये पूर्ण वाचला तेव्हा १९,२९६ अक्षरं निघाली!

राहतो तो झाडाचा अन्नरस वाहणाऱ्या फ्लोएममध्येच, म्हणून कोवळ्या फांदीची साल सोलायची, लिक्विड नायट्रोजन ओतून खलबत्त्यात पार पीठ करायचं, तेही ग्लोव्ह्ज घालून, कारण आपल्या बोटांवरचे एन्झाइमच आरएनएचा फडशा पाडतात. मग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम वापरून आरएनएचा डीएनए करायचा, आणि पीसीआर या पद्धतीनं हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या. बहुतेकदा सुरुवात कोट प्रोटीनच्या, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाच्या, जीनपासून, ६७२ अक्षरं फक्त.

मग सरळ वाचा ना, आधी क्लोनिंग, म्हणजे एकेक प्रत बॅक्टेरियात वेगळी वाढवणं, कशाला? तर झाडात व्हायरसचा एकच स्ट्रेन, म्हणजे एकच उपप्रकार, असेल याची काय गॅरंटी? इतकी वर्षं बागेत उभं झाड, माव्याच्या किती पिढ्या येऊन गेल्या, कलमातूनच काय काय आलं कोण जाणे. सगळं एकत्र वाचलं की अक्षरं वाचणाऱ्या मशीनच्या ग्राफमध्ये एकाच जागी दोन पीक, ए म्हणायचं की जी, कळत नाही. म्हणून तुकडा प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यात, प्लास्मिड ई. कोलाय या बॅक्टेरियात, आणि प्लेट रात्रभर ३७ डिग्रीला. सकाळी प्लेटवर निळे-पांढरे ठिपके, त्यातले पांढरे आपल्या कामाचे, तुकडा त्यांच्यातच शिरलेला असतो. एक ठिपका म्हणजे एका बॅक्टेरियाची पिल्लावळ, म्हणजे आत व्हायरसच्या तुकड्याच्या एकाच प्रतीच्या नकला. असे बरेच ठिपके वाचले की झाडात कोण कोण मुक्कामाला आहे ते बाहेर येतं. फक्त एका अक्षराच्या फरकावर नवीन स्ट्रेन सापडला म्हणून नाचायचं नाही, पीसीआरही चुकतो.

ब्राझील-अर्जेंटिनात कडू संत्र्याच्या खुंटावरची, म्हणजे त्याच्या मुळांवर कलम केलेली, झाडं या व्हायरसनं भराभर मेली. आपला जंभेरीचा खुंट त्याला बराच सोसतो, चांगलंच आहे, पण त्यामुळं आजारी झाड धडधाकट दिसत राहतं आणि नर्सरीवाला त्याचेच डोळे काढून शेकडो कलमं बांधतो. नागपूरला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मिलिमीटरपेक्षाही लहान शेंडा टेस्ट ट्यूबमधल्या रोपावर बसवून व्हायरसमुक्त रोपं करतात, तेव्हा कलमं घेताना मातृवृक्षाची टेस्ट झालीय का, एवढं नर्सरीवाल्याला विचाराच.