आधी मॉनिटर, मग भोक

लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणलेला १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय, सीताबर्डीवरून आणलेला जुना मॉनिटर, दोन जॉयस्टिक आणि मूठभर बटणे एवढ्या सामानावर नागपूरच्या महाल भागातील एका घरात व्हिडिओ गेमची उभी पेटी तयार होत आहे. पेटीची कल्पना संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्या पुतण्याची आहे. लाकडाचे काम मात्र सुतारकीत आयुष्य गेलेल्या त्याच्या काकांकडे आहे. बाजूच्या फळ्या कापून झाल्या, बटणांची भोकेही पाडून झाली, पण समोरच्या फळीत पडद्यासाठी केवढा चौकोन कापायचा यावर काम थांबले होते. पुतण्याने कागदावर ‘१९ इंच’ असे लिहून आणले, तेव्हा काकांनी करवत खाली ठेवली. “आधी मॉनिटर माह्यासमोर ठेव, मंग भोक पाडतो.”

काकांचा हट्ट रास्त आहे. पडद्याचे इंचांतले माप हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रेषेचे असते. त्यावरून रुंदी आणि उंची कळत नाही, आणि सुताराला नेमकी तीच हवी असते. शिवाय पेटीत जे दिसायचे आहे ते काचेचे पॅनल नसून त्यावर उमटणारे चित्र आहे, आणि ही दोन मापे बहुतेक वेळा वेगळी निघतात.

नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये नाणे टाकून खेळले जाणारे बहुतेक गेम रुंदीस उंची चारास तीन या प्रमाणातील काचेच्या पिक्चर ट्यूबसाठी बनवलेले होते. भारतातल्या पोरांनी ‘मुस्तफा’ या नावाने डोक्यावर घेतलेला कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा गेम ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचे चित्र तयार करतो. हे ठिपके आजच्या मॉनिटरवर जसेच्या तसे चौरस दाखवले, तर चित्र जवळजवळ बारास सात इतके रुंद होते आणि गेममधला मुस्तफा चांगलाच जाडजूड दिसू लागतो. ट्यूबवर हेच चित्र चारास तीनच्या चौकटीत दाबून बसत असे, आणि चित्रकारांनीही ते तसेच दिसेल असे धरून काढले होते. त्यामुळे घरच्या पेटीतही हे प्रमाण सांभाळावे लागते. ते बिघडले, तर बाकीची सारी कारागिरी कितीही नेटकी असली तरी डोळ्याला खटकते.

नवा २४ इंची रुंद मॉनिटर घ्यावा, म्हणजे चित्र मोठे दिसेल, असा सल्ला पुतण्याला अनेकांनी दिला होता. हिशेब मात्र वेगळे सांगतो. सोळास नऊ प्रमाणाचा २४ इंची पडदा साधारण ५३१ मिलिमीटर रुंद आणि २९९ मिलिमीटर उंच असतो. त्यात चारास तीनचे चित्र बसवले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात आणि चित्राचा कर्ण साडेएकोणीस इंचांच्या आसपास येतो. याउलट, कार्यालयांतून निकालात निघालेला पाचास चार प्रमाणाचा १९ इंची मॉनिटर सुमारे ३७६ मिलिमीटर रुंद आणि ३०१ मिलिमीटर उंच असतो. त्याच्या १२८० गुणिले १०२४ ठिपक्यांत १२८० गुणिले ९६० चे चित्र मावते, म्हणजे वर आणि खाली ३२ ओळींची बारीक काळी पट्टी तेवढी उरते, आणि चित्राचा कर्ण साडेअठरा इंच भरतो. थोडक्यात, पाच इंच जास्तीचे पैसे मोजून हाती इंचभर चित्र लागते, आणि त्यासाठी अख्खी पेटी १५ सेंटिमीटर रुंद करावी लागते. महालातल्या घरांचे दरवाजे पाहता हा सौदा परवडणारा नाही.

१९८० सालचा ‘पॅकमॅन’ उभ्या पडद्यासाठी बनलेला आहे, त्यामुळे आडव्या पडद्यावर तो मधोमध लहान दिसेल. मॉनिटरच उभा करून ठेवण्याचा पर्याय आहे, पण या जुन्या मॉनिटरमधील स्वस्त पॅनलकडे एका विशिष्ट दिशेने पाहिले की रंग काळवंडतात. ती दिशा नेहमीच्या ठेवणीत खालची असते; पॅनल उभे केले की ती बाजूला येते, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन खेळाडूंपैकी एकाला अंधारलेले चित्र पाहावे लागते. म्हणून पडदा आडवाच राहील असे ठरले.

आता प्रत्यक्ष बसवणी. स्टँड काढल्यावर मॉनिटरच्या पाठीवर आटे असलेली चार भोके दिसतात. ती ठरावीक अंतराने, बहुधा १०० मिलिमीटरच्या चौरसात असतात आणि त्यांत ४ मिलिमीटर जाडीचे स्क्रू बसतात. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो आतल्या सर्किटला टेकू शकतो. काका भोकात काडेपेटीची काडी घालतात, भोकाच्या तोंडाशी नखाने खूण करतात, ती काडी १२ मिलिमीटरच्या आडव्या फळीला लावून पाहतात आणि मगच स्क्रू निवडतात. ही फळी दोन्ही बाजूंच्या सागवानी पट्ट्यांवर टेकते. पट्ट्यांमध्ये गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या आहेत, म्हणजे पडदा पुढेमागे कलवता येईल. किती कलवायचा, हे कोनमापकापेक्षा खोलीतला ट्यूबलाइट अधिक चांगले ठरवतो: उभ्या माणसाला काचेत दिव्याचे प्रतिबिंब दिसेनासे झाले की बोल्ट आवळायचे.

समोरची काळी चौकट पॅनलच्या नव्हे, तर चित्राच्या मापाने कापली आहे, त्यामुळे वरखालची रिकामी पट्टी तिच्यामागे झाकली जाते. चौकटीपुढे टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, काच येईल. अशी काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, कापू गेल्यास तिचा चुरा होतो. म्हणून तिची ऑर्डर सर्वांत शेवटी.

नागपुरात उन्हाचा विचार टाळून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तर कित्येक मॉनिटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. बंद पेटीत मॉनिटर आणि गेम चालवणारा संगणक मिळून त्यात आणखी भर घालतात. म्हणून मागच्या फळीत खाली हवा येण्यासाठी झिरी आणि वर गरम हवा ओढून बाहेर टाकणारा १२० मिलिमीटरचा पंखा बसवला आहे. कूलरच्या झोतात मात्र ही पेटी ठेवू नये, कारण त्या दमट हवेने प्लायच्या उघड्या कडा फुगतात. काकांनी प्रत्येक कापलेल्या कडेवर प्रायमरचा हात मारून घेतला, अगदी जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही.

मॉनिटर विकत घेताना दुकानातच एक परीक्षा करून घ्यावी. तो चालू असताना मागची विजेची वायर ओढायची आणि पुन्हा जोडायची. काही मॉनिटर आपोआप सुरू होतात. काही मात्र बटण दाबेपर्यंत निपचित पडून राहतात, आणि पेटीत बसल्यावर ते बटण चौकटीमागे जाते. या मॉनिटरचे तसेच आहे, पण पुतण्याने तो बटणांची छोटी पट्टी वायरसकट बाहेर काढता येते हे पाहूनच घेतला. कंट्रोल पॅनलच्या, म्हणजे जॉयस्टिक-बटणांच्या फळीच्या, खालच्या अंगाला, गुडघ्याचा धक्का लागणार नाही अशा जागी, काकांनी तिच्यासाठी बोटभर खाच कोरून ठेवली आहे.