शेवटचं पान कुणी लिहिलं?

मंडळी, आपल्याकडे पोथी कशी वाचतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एक जण ओवी म्हणतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ग्रामगीतेचं वाचनही गावोगाव असंच चालतं. आज ज्या पुस्तकांबद्दल बोलायचं आहे, तीसुद्धा अशीच चारचौघांत बसून मोठ्यानं वाचावीत. फक्त अर्थ सांगणारा माणूस तेवढा नको. बरं न होणारा आजार अंगात घेऊन लेखकानं जे लिहिलं, त्यावर दुसऱ्यानं लगेच बोध चढवला की त्याचं प्रवचन होतं.

वाचनाला बसण्याआधी एका कागदावर तीन तारखा लिहून घ्या. आजार कधी कळला, हा मजकूर कधी लिहिला आणि माणूस कधी गेला. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण ते केलं नाही तर फसगत होते. ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाचं ‘ग्रॅटिट्यूड’ घ्या. पुस्तक छोटंसं, त्यात चारच निबंध. सॅक्स ३० ऑगस्ट २०१५ ला गेले. पहिला निबंध मात्र २०१३ मधला, ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमाराचा. कर्करोग यकृतात पसरल्याचं तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. ते कळल्यावरचा निबंध फेब्रुवारी २०१५ चा आणि शेवटचा जाण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीचा. चारही निबंध एकाच सुरात वाचले, तर पहिल्या निबंधातला म्हातारपणाचा आनंद आपल्याला निरोपासारखा ऐकू येतो. तो निरोप लेखकाचा नसतो, आपण तो घातलेला असतो.

दुसरं पाहायचं ते सांधा. विहिरीचं जुनं बांधकाम कुठं संपलं आणि नवं कुठून सुरू झालं, हे जाणत्याला दिसतं. या पुस्तकांतही असा सांधा असतो, कारण बहुतेकांचा शेवट लेखकाच्या हातात नसतो. पॉल कलानिधी हे अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद. फुप्फुसाचा कर्करोग २०१३ मध्ये कळला आणि मार्च २०१५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी ते गेले. ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ जानेवारी २०१६ मध्ये आलं. पुस्तक अपुरं राहिलं, हे त्यांच्या पत्नी ल्युसी यांनी शेवटच्या प्रकरणात मोकळेपणानं लिहिलं आहे. केमोमुळे बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, तेव्हा ते चांदीचं अस्तर लावलेले हातमोजे घालून संगणकावर टंकत होते, हेही ल्युसीच सांगतात. हे एक वाक्य माहीत असलं की पुस्तकाच्या शेवटाकडची पानं वेगळी वाचली जातात. कुठं घाई आहे, कुठं उडी आहे, कुठला विषय नुसता स्पर्शून सोडला आहे, ते दिसू लागतं. माझ्या मते अशा पुस्तकांची खरी ताकद तिथंच असते.

ख्रिस्तोफर हिचेन्स हे अन्ननलिकेच्या कर्करोगानं गेलेले इंग्रजी पत्रकार-लेखक. त्यांच्या ‘मॉर्टॅलिटी’त तर शेवटचं प्रकरण म्हणजे नुसती टिपणं आहेत, तुटक आणि अर्धवट. मोठ्यानं वाचणारा अशा ठिकाणी हमखास चूक करतो. तुटकी वाक्यं जोडून, गुळगुळीत करून वाचतो. तसं करू नका. टिपण संपलं की थांबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग पुढचं घ्या.

याच हिचेन्सनं कर्करोगाशी ‘लढाई’ हा शब्द नाकारला. नळीतून औषध शरीरात उतरत असताना माणूस लढत नसतो, नुसता पडून असतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या वर्तमानपत्रांतली ‘झुंज अपयशी’ आठवा. गेलेला माणूस कमी पडला, असा त्या दोन शब्दांचा अर्थ होतो, आणि तो घरच्यांना वर्षानुवर्षं टोचत राहतो. वाचनानंतर बोलताना हा शब्द कुणाच्या तोंडी आला, तर त्याला प्रेमानं विचारा, पुस्तकात लेखकानं कोणता शब्द वापरलाय?

आता बैठकीचं. आठ ते दहा माणसं पुरे. पंधराच्या वर गेली की मागचा ऐकत नाही. एका बैठकीला वीस पानं, म्हणजे साधारण पाऊण तास, आणि नंतर अर्धा तास बोलणं. पेरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीत हे जमणार नाही. वेचणी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखात रात्री जेवणानंतर अंगणात बसा. पुस्तक इंग्रजी असेल, तर दोघांनी आदल्या आठवड्यात मजकूर मराठीत लिहून काढायचा. ऐन वेळी तोंडी भाषांतर केलं की माणूस नकळत सांत्वन करू लागतो, ‘मरणार’चं ‘जाणार’ होतं. सुरुवात मराठीतूनच करायची असेल, तर पद्मजा फाटक यांचं ‘हसरी किडनी’ घ्या. ते शेवटाचं पुस्तक नव्हे, पण आजारपण नेमकेपणानं कसं लिहावं ते त्यातून कळतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते औषधावर. कलानिधींना काही काळ एका गोळीनं फार बरं वाटलं. ते ऐकलं की कुणीतरी विचारणारच, ‘ते गोली आपल्याकडे भेटते का?’ विचारणाऱ्याच्या घरी बहुधा खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं झालेला तोंडाचा कर्करोग असतो. ती गोळी फुप्फुसाच्या कर्करोगातल्या एका विशिष्ट जनुकीय बदलावरची होती, आणि पुढं तिचाही उपयोग थांबला. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका, इथं उपचारांवर बोलायचं नाही. तो प्रश्न सेवाग्राम-नागपूरच्या डॉक्टरांना विचारायचा. आणि हे तुसडेपणानं सांगू नका. विचारणारा घाबरलेला असतो.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. आपल्याकडे ‘बाबाले काई सांगू नोका’ म्हणून आजाराचं नाव लपवतात. ‘गाठ आहे’ एवढ्यावर भागवतात. अशा घरातला मुलगा बैठकीला येतो आणि ज्या लेखकाला सगळं ठाऊक आहे त्याचं लिखाण ऐकतो. तो मध्येच उठून गेला, तर त्याला अडवू नका आणि सर्वांसमोर विचारूही नका. एकानं सोबत बाहेर जावं, पाण्याचा गडू द्यावा, गप्प बसावं. घरी सांगावं की न सांगावं, हे बैठकीनं ठरवायचं नाही. पण पुस्तक घरी न्यायला मागितलं, तर वाचनालयाच्या रजिस्टरात नोंद करून द्यावं, आणि परतीची तारीख उलटली तरी मागायला जाऊ नये.