खिशातल्या चाकूची किंमत

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. जमिनीवरच्या पथारीवर लोखंडी हत्यारं.)

कोयते, आडोळ्या (विळ्या), मासे कापायच्या सुऱ्या आणि कोपऱ्यात घडीचे चाकू. असा चाकू शे-दोनशे रुपयांत मिळतो. जवळजवळ तेवढंच पातं आणि तशीच बोटांत मावणारी मूठ असलेल्या एखाद्या अमेरिकी चाकूला त्याच्याच देशात 400 डॉलरांहून जास्त पडतात. गोव्यात पोचेपर्यंत त्यावर कुरियर आणि कस्टम ड्युटी चढते. दोघांच्या किमतीत दोनशे पटींच्या आसपास फरक आहे. पण कैरी कापताना तो किती दिसतो?

(दृश्य: टेबलावर तीन चाकू, पूर्ण सुटे केलेले. वरून कॅमेरा.)

डावीकडचा बाजारातला. मूठ वाकवलेल्या पत्र्याची, आत एक स्प्रिंग, सगळं रिव्हेटनं ठोकलेलं. पात्यावर ‘स्टेनलेस’ एवढाच शब्द. कुठलं स्टेनलेस आणि किती कडक, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मधला ओपिनेल, आठ नंबरचा. फ्रान्सच्या साव्हुआ भागात 1890 पासून बनतो. सगळे मिळून पाच भाग: पातं, लाकडी मूठ, एक खिळा, एक घट्ट बसवलेली कडी आणि तिच्यावर फिरणारी दुसरी कडी. ही फिरती कडी 1955 साली आली. ती फिरवली की पातं अडकतं. पात्याची लांबी साडेआठ सेंटीमीटर. भारतात दोन-तीन हजारांत येतो.

उजवीकडचा सेबेंझा, आयडाहोतल्या ख्रिस रीव्ह कंपनीचा. मुठीच्या दोन्ही बाजू टायटॅनियमच्या. त्यातल्या एका बाजूलाच चीर पाडून लवचीक पट्टी केली आहे, आणि पातं उघडलं की ती पट्टी मागून सरकून त्याला टेकते. सांध्यात फॉस्फर ब्राँझच्या चकत्या. छिद्रं इतकी काटेकोर, की स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं ना घट्ट होतं ना हलतं. पैशाचा मोठा वाटा या काटेकोरपणात जातो. पातं उघडायला सुख वाटतं, यात शंका नाही. मात्र कापतं ते पातं, सांधा नव्हे.

(दृश्य: लोहाराची भट्टी. निखारे, ऐरण, घणाचे घाव.)

पात्याचा खरा कस लागतो तो भट्टीत. गाडीच्या कमानीचा जुना पाटा कापून कोयती घडते आहे. या पोलादात कार्बन साधारण 0.6 टक्के. घडवून झालं, कानशीनं आकार दिला, की पाणी द्यायची, म्हणजे तापवून एकदम थंड करायची, वेळ येते. भट्टी सावलीत का असते, ते इथे कळतं. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात ओळखू येत नाही. पातं चुंबकाला चिकटेनासं होतं 770 अंशांच्या आसपास. त्याहून थोडं वर, शेंदरी रंगावर, ते बाहेर काढायचं. कमी तापलं तर पाणी देऊनही मऊच राहतं. जास्त तापलं तर आतले कण मोठे होतात आणि पहिल्याच सुक्या फांदीवर धारेचा तुकडा उडतो.

(दृश्य: धार पाण्यात. वाफ. मग कानशीनं घासलेली चकचकीत कड, जवळून.)

फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली आहे. या क्षणी ती काचेसारखी कडक आहे आणि तितकीच ठिसूळ. पाठीत अजून उष्णता आहे. ती हळूहळू धारेकडे येते. घासून पांढऱ्या केलेल्या कडेवर आता रंग पळताना पाहा: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा साधारण 220 अंशांना येतो, निळा 300च्या जवळ. कोयतीला घाव सोसायचे असतात, म्हणून तिला तपकिरीच्या पुढे थोडं जाऊ द्यायचं. नुसत्या कापायच्या सुरीला पिवळ्यावरच थांबवायचं. थांबवायचं म्हणजे पुन्हा पाण्यात. हा खेळ काही सेकंदांचा असतो.

कारखान्यात हेच काम भट्टीचं तापमान मोजून होतं. स्टेनलेसला जास्त आच लागते. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्याचं स्वीडिश पोलाद हजार अंशांच्या बरंच वर तापवून एकदम थंड करतात, मग दोनशेच्या आसपास पुन्हा शेकतात. कडकपणा मोजायचं माप रॉकवेल. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचं पातं 56च्या जवळ असतं, ओपिनेल एखाद-दोन अंकांनी वर, महागडे चाकू 59 ते 62. बाजारातल्या स्वस्त चाकवाला हा संस्कार बहुधा अर्धाच मिळालेला असतो. पारखायचं असेल तर पात्याच्या टाचेला, मुठीलगत, बारीक कानस लावून पाहावी. कानस घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ. मऊ पात्याची धार झिजण्याआधीच दुमडते.

शे-दोनशेवरून दोन-तीन हजारांवर गेलं की नेमकं हे मिळतं: प्रत्येक पात्याला सारखी आच, सारखं पाणी. एवढे पैसे द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: कैरी. आधी सेबेंझा, मग ओपिनेल. शेजारी शेजारी.)

डावीकडची कैरी कापली जात नाही, फुटते आहे. पातं अर्ध्यावर गेलं की करकर आवाज येतो आणि फोड तडकून उडते. हा चाकू सगळ्यांत महाग आहे आणि धारही अंगावरचे केस काढेल अशी. अडचण जाडीची. याच्या पात्याची पाठ तीन मिलिमीटरहून जाड. ओपिनेलची त्याच्या जवळजवळ निम्मी, शिवाय पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळती. कैरी, कच्ची पपई, सुरण, भोपळा, कुठल्याही कडक वस्तूत पातं पाचरीसारखं शिरतं. पाचर जितकी रुंद, तितका जोर जास्त. महागडे चाकू जाड ठेवायचं कारण असं, की गिऱ्हाईक त्यानं डबे उचकटतं, पातं मोडतं आणि मग कंपनीकडे तक्रार येते.

(दृश्य: माडावर रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, हातात काती.)

गोव्यात सर्वांत बारीक काम करणारं पातं पाहायचं तर वर बघा. माडाची पोय (न उमललेला फुलोरा) दिवसातून तीनदा छेदायची, दर वेळी कागदासारखा पातळ काप. जाड गेला तर पोय लवकर संपते, बोथट गेला तर तोंड चिरडतं आणि सूर, म्हणजे माडी, नीट पाझरत नाही. या कातीला रोज धार लागते. पोलाद साधंच, काती लोहारानं घडवलेली.

(दृश्य: मालीमची जेटी. ट्रॉलर, दोरखंड, जाळी, बर्फ.)

आता महाग पोलादाच्या बाजूनं बोलायला हवं, कारण पुढचं दृश्य त्याचंच आहे.

(दृश्य: गंजलेलं पातं, अगदी जवळून. काळे खड्डे.)

हे खड्डे खाऱ्या पाण्याचे. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, गंजापासून राखतो तो तोच. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि तिथून गंज आत उतरतो. वरून टिंब दिसतं, आत विवर असतं. असं टिंब धारेवर पडलं की दगडावर कितीही घासा, तिथे दाता राहतोच. इथे एक फसगत ठरलेली. चार-पाच हजारांत येणारे पुष्कळ चाकू डी-2 नावाच्या पोलादाचे असतात. त्यात क्रोमियम 12 टक्के, म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण त्यात कार्बन दीड टक्का आहे आणि तो क्रोमियमचा बराच भाग कडक कणांत बांधून टाकतो. गंज रोखायला मोकळं क्रोमियम पुरेसं उरत नाही. पुण्यात चालणारा डी-2 चाकू जेटीवर एका पावसाळ्यात टिपक्यांनी भरतो.

यावरचा इलाज महागच आहे. एच-1 किंवा एलसी-200-एन या पोलादांत कार्बन कमी ठेवलेला असतो, आणि समुद्राच्या पाण्यातही ती जवळजवळ गंजत नाहीत. 2021 साली आलेल्या मॅग्नाकटमध्ये क्रोमियम पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे डी-2हूनही कमी. तरी ते गंजाला कितीतरी चांगलं तोंड देतं, कारण त्यातलं क्रोमियम कणांत अडकत नाही. जो रोज खाऱ्या पाण्यात हात घालतो, त्याला हे पैसे वसूल होतात. त्यातही दोर कापायचा असेल तर करवती दातांचं पातं घ्यावं. नायलॉनच्या ओल्या दोरावर सरळ धार घसरते.

उंच किमतीचं दुसरं कारण पावडरचं पोलाद. वितळलेल्या धातूचा वायूच्या झोतानं भुगा करायचा आणि तो प्रचंड दाबाखाली तापवून पुन्हा एकजीव करायचा. कडक कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरतात. एस-30-व्ही, एम-390 ही नावं याच घराण्यातली. पुठ्ठा, गोणपाट, दोर अशा घासणाऱ्या वस्तूंवर यांची धार साध्या पोलादाच्या कित्येक पट टिकते. दिवसभर खोकी फोडणाऱ्याला फरक पहिल्या आठवड्यात जाणवेल. बांगडा, फणस, भिरंडं (कोकमाची फळं) कापणाऱ्याला फारसा नाही, कारण या वस्तू धार घासत नाहीत. भिरंडाचं आम्ल मात्र ओलं राहिलं तर धारेची कड खातं.

(दृश्य: सायकलवरचा धारवाला. ठिणग्यांचा फवारा.)

ही ठिणग्यांची दृश्यं सुंदर दिसतात, पण चाकवासाठी हा सगळ्यांत वाईट क्षण आहे. कोरडं चाक, वेगात फिरणारं. धारेची कड इतकी पातळ असते, की क्षणात दोनशे अंश ओलांडते. कडेवर निळी झाक दिसली, की भट्टीत कमावलेलं पाणी तिथे उतरलं. आडोळीला हे चालून जातं, पुढच्या धारेत तो भाग झिजतो. 35 हजारांच्या चाकूला परवडत नाही. शिवाय महाग पोलादातले व्हॅनेडियमचे कडक कण चाकाच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडहून कडक असतात. दगड पोलाद खरवडतो, कण तसेच राहतात; धार आल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांत जाते. अशा पोलादाला हिऱ्याच्या कणांची पट्टीच लागते.

(दृश्य: ओला दगड, हात, पातं. संथ.)

साध्या पोलादाला हजार नंबरचा पाण्याचा दगड पुरतो. दगड घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं. पातं 20 मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 6 मिलिमीटर उचलायची. कोन साधारण साडेसतरा अंशांचा होतो. हा कोन शेवटपर्यंत तसाच ठेवायचा, पुष्कळ लोक इथेच चुकतात. टोकाकडे जाताना मूठ थोडी वर जाऊ द्यायची, नाहीतर टोक बोथट राहतं. एक बाजू घासत राहायचं, दुसऱ्या बाजूनं धारेची बारीक कड उलटल्याचं बोटाला लागेपर्यंत. अंगठा धारेला आडवा फिरवायचा, तिच्यावरून लांबीनं नाही. मग दुसरी बाजू. शेवटी दोन्ही बाजूंना आलटून पालटून, अगदी हलक्या हातानं, म्हणजे ती उलटलेली कड तुटून जाते. ती राहिली तर चाकू त्या दिवशी कागद सपासप कापतो आणि उद्या टोमॅटोवरून घसरतो.

(दृश्य: पाऊस. खिडकीत ओपिनेल, अंगठ्यानं उघडत नाही.)

ओपिनेलची खोड जूनमध्ये कळते. मुठीचं बीचचं लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि पात्याला चिमटून धरतं. जोर लावून नखं मोडू नयेत. मुठीचा मागचा टोकाकडचा भाग लाकडी फळीवर ठोकला की पातं थोडं बाहेर येतं. कायमचा उपाय उन्हाळ्यातच करायचा: कडी काढून मूठ वाळवायची, सांध्याच्या खाचेत जवसाचं तेल मुरू द्यायचं, पुसून आठवडाभर सुकू द्यायचं. बाजारात याचं कार्बन स्टीलचं पातंही मिळतं. धारेला छान, पण किनारपट्टीवर रोज पुसायची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्यावं.

महागड्या चाकवांनाही इथली हवा सोडत नाही. सांध्यात बेअरिंगच्या गोळ्या असतील तर किनाऱ्यावरची रेती त्यांत जाऊन बसते आणि उघडताना खरखर ऐकू येते. ब्राँझच्या चकत्या हे जास्त सोसतात. कोमट पाणी, साबण, पूर्ण कोरडं करणं आणि सांध्यात एक थेंब तेल, एवढी निगा पुरे. खोबरेल नको, धूळ धरून चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन खाण्याच्या वस्तूंनाही चालतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत चाकू चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये. चामडं ओल धरतं.

(दृश्य: हातात उघडा चाकू, पाठीवर अंगठ्याचा दाब.)

घेताना दुकानात पातं उघडून पाठीवर हलका दाब द्यावा. अडकण सुटली तर चाकू परत ठेवावा. ती कापताना सुटली तर पातं बोटांवर मिटतं. आणि खिशात तीन हजार असतील तर दोन हजारांचा चाकू, हजाराचा दगड.

(दृश्य: मोपा विमानतळ, बाहेरून.)

घडीच्या चाकूला भारतात साधारणपणे परवाना लागत नाही. शस्त्र नियमांची मर्यादा 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची आहे, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं तीतूनही वगळली आहेत. दाबोळी असो की मोपा, चाकू चेक-इनच्या बॅगेत घालावा. हातातल्या पिशवीत सापडला तर तो तिथेच ठेवून जावं लागतं, मग तो दोनशेचा असो वा पस्तीस हजारांचा.