डोळ्यांतलं पाणी कोणाचं? करुणरसाची बांधणी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नाटकाच्या तालमीत एक समज पक्का बसलेला असतो: नट रडला की प्रेक्षक रडतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं होतं. नट हमसून हमसून रडतो आणि तिसऱ्या रांगेतला माणूस घड्याळ पाहतो. नट खोटं रडत असतो म्हणून असं होतं, असंही नाही. कित्येकदा तो अगदी खरं रडत असतो, आणि अडचण नेमकी तिथेच असते.

या अडचणीवर, म्हणजे करुणरस (प्रेक्षकाला मिळणारा शोकाचा आस्वाद) कसा बांधावा यावर, भरतमुनीच्या नाट्यशास्त्र या प्राचीन संस्कृत ग्रंथात, विशेषतः सहाव्या आणि सातव्या अध्यायात, जे सांगितलं आहे ते मला कुठल्याही सौंदर्यमीमांसेपेक्षा उपयोगाचं वाटतं. ती कारागिराची भाषा आहे. आपण रसचर्चेला उगाच आध्यात्मिक धूप दाखवतो. भरत मात्र यादी देतो, कारण देतो आणि काय करायचं ते सांगतो.

रससूत्र सगळ्यांना पाठ असतं: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. विभाव म्हणजे भावनेचं कारण आणि भोवतालची परिस्थिती. अनुभाव म्हणजे ती भावना देहावर, वाणीवर जे उमटवते ते. व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव: चिंता, लाज, शंका, थकवा. या सूत्रात एक नाव नाही, तिकडे लक्ष द्या. ‘स्थायी भाव’, म्हणजे रसाच्या तळाशी टिकून राहणारी मूळ भावना, त्यात नाहीच. करुणाचा स्थायी शोक; पण शोक करा, असं सूत्र नटाला सांगत नाही. शोकाचं कारण दाखव, शोकाच्या खुणा दाखव, शोकाभोवती फिरणारे इतर भाव दाखव, एवढंच सांगतं. भरताचा स्वतःचा दृष्टांत स्वयंपाकाचा आहे: गूळ, मसाले, पाला एकत्र शिजले की जी चव तयार होते, ती कोणत्याही एका जिनसेत नसते. शोक हा सुटा जिन्नस म्हणून ताटात वाढता येत नाही.

हिशेबही नेमका आहे. स्थायी ८, व्यभिचारी ३३, सात्त्विक (मनातून उपजून देहावर उमटणारे) ८, मिळून ४९ भाव. करुणाचे विभाव म्हणून प्रिय माणसाचा वियोग, वैभवाचा नाश, वध, बंधन, शाप, संकट ही कारणं दिली आहेत. अनुभावांत अश्रू आहेत, पण यादी तिथे थांबत नाही. विलाप, तोंडाला कोरड पडणं, चेहऱ्याचा रंग उतरणं, अंग गळून जाणं, निःश्वास, आठवण हरपणं, हेही आहे. आपल्याकडचा नट या यादीतला पहिला पदार्थ उचलतो आणि बाकीच्यांकडे पाहत नाही. कोरडं पडलेलं तोंड, विसरलेला शब्द, हातातून सैल सुटलेली वस्तू, यांतलं एक जरी नीट आलं तरी अश्रूंची गरज निम्मी होते.

इथे एक फरक सांगतो, कारण तो चुकला की सगळा प्रसंग चुकतो. करुण आणि विप्रलंभ शृंगार (प्रेमिकांच्या विरहाचा रस), दोन्हींत वियोग आहे. व्यभिचारी भावही बरेचसे सामाईक आहेत. भरत फरक करतो तो आशेवर. करुण निरपेक्ष, म्हणजे भेटीची आशा संपलेली. विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे आशा शिल्लक. विरहाचं पद म्हणणारी गायिका पहिल्या ओळीपासून सूर खाली पाडते, शब्दांची टोकं गाळते, तेव्हा ती विरह गात नसते, सुतक गात असते. विरहात औत्सुक्य हवं. कान दाराकडे हवेत. लय संथ असली तरी ओळीचं शेवटचं अक्षर वर, पुढच्या ओळीकडे बघणारं हवं.

आता एक प्रसंग घेऊन बसू. कालिदासाच्या शाकुंतलाचा चौथा अंक, तिला वाढवणाऱ्या कण्वाच्या आश्रमातून शकुंतलेची पाठवणी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला तोही पहिल्या चार अंकांचा. मराठी संगीत रंगभूमीची ही सुरुवात पाठवणीपर्यंत आली आणि थांबली. काटेकोर बोलायचं तर हा शुद्ध करुण नव्हे. मुलगी जिवंत आहे, सासरी निघाली आहे, आणि उतारवयात नवऱ्याबरोबर पुन्हा या आश्रमात येशील, असं कण्व तिला सांगतो. म्हणजे शोकाच्या तळाशी आशा आहे. हे आधी ठरवलं नाही तर पाठवणीची अंत्ययात्रा होते. तशी झालेली आपण पाहतोच.

कण्वाचा श्लोक पाहा. ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया’. आज शकुंतला जाणार, म्हणून हृदयाला उत्कंठेचा स्पर्श झाला आहे. फक्त स्पर्श, फाटलेलं नाही, पिळवटलेलं नाही. पुढे ‘कण्ठः स्तम्भितबाष्पवृत्तिकलुषः’: अडवून धरलेल्या आसवांनी गळा भरला आहे. मग ‘चिन्ताजडं दर्शनम्’: चिंतेनं नजर जड झाली आहे. उरलेल्या दोन ओळींत तो म्हणतो की रानात राहणाऱ्या माझी मायेपोटी ही गत, तर संसारी बापांचं लेकीच्या पहिल्या वियोगात काय होत असेल! कालिदासानं नटाला तीन जागा नेमून दिल्या आहेत: छाती, गळा, डोळे, त्याच क्रमानं. आणि मधल्या जागेवर स्पष्ट सूचना आहे की आसवं स्तंभित हवीत. श्लोक म्हणताना नटाच्या गालावरून पाणी ओघळलं तर तो कालिदासाच्या विरुद्ध अभिनय करतो आहे.

याला भरताचाही आधार आहे. उत्तम आणि मध्यम प्रकृतीच्या पात्रांचा शोक धैर्यानं दाखवावा, रडण्यानं नव्हे, असं सातव्या अध्यायात आहे. त्या श्लोकातली स्त्रिया आणि ‘नीच’ प्रकृती यांची वर्गवारी आज कोणी तशीच घेणार नाही, घेऊही नये. कलेपुरता त्यातला मुद्दा मात्र टिकतो: अडवलेली गोष्ट दिसते, वाहून गेलेली दिसत नाही. धरणाऱ्याच्या जागी प्रेक्षक स्वतःला ठेवतो. नटानंच सगळं सोडून दिलं की प्रेक्षकाला करायला काम उरत नाही.

शरीराच्या बाजूनंही पाहा. खरं रडू फुटलं की श्वास तुटतो, गळा आवळतो, नाक भरतं. नाक भरलं की ‘म’चा ‘ब’ ऐकू येतो, ‘न’चा ‘द’. ‘माझं मन’ म्हणायला जावं तर ‘बाझं बद’ येतं आणि मागच्या रांगांत हशा पिकतो. म्हणून तालमीत हा श्लोक आधी कोरड्या आवाजात, पूर्ण श्वासावर पाठ करावा. ‘हृदयं’पाशी काही करू नये. ‘कण्ठः’ म्हणण्याआधी छोटा विराम घ्यावा, आवंढा गिळावा आणि शब्द पुन्हा स्वच्छ म्हणावा. कलुषता, म्हणजे गढूळपणा, आवाजाच्या पोतात हवी, उच्चारात नको. ‘दर्शनम्’ला नजर शकुंतलेवरून हलवून कुठेतरी मध्येच थांबवावी, कशावरही न रोखता. एवढंच. चौथी गोष्ट घातलीत की पहिल्या तिन्ही पुसल्या जातात.

मग अश्रूंचं काय? ते आठ सात्त्विक भावांतले एक आहेत: स्तंभ (ताठरणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उतरणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). भरताला इथला पेच ठाऊक आहे. जो दुःखी नाही त्यानं दुःखाचं रडू कसं आणावं, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो. त्याचं उत्तर असं: सत्त्व मनातून उपजतं आणि ते समाहित, म्हणजे एकाग्र मनानंच साधतं. स्वतःच्या घरातलं दुःख आठवा, असं तो म्हणत नाही. वैयक्तिक आठवण काढून आणलेलं रडू त्या आठवणीच्या वेगानं येतं, प्रसंगाच्या वेगानं नाही. आणि आठवण वापरून वापरून गुळगुळीत झाली की तेही येईनासं होतं.

अश्रूंची कारणं देताना भरत आनंद, संताप, भय, शोक यांच्याच ओळीत धूर, काजळ, जांभई, थंडी, आजार आणि पापणी न हलवता टक लावून पाहणं हेही घालतो. मला ही यादी फार आवडते. पापणी न हलवता पाहिलं की डोळा कोरडा पडतो आणि पाणी येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रडण्याचेही तो तीन प्रकार करतो. आनंदाच्या रडण्यात गाल फुललेले असतात आणि पाणी डोळ्यांच्या कोपऱ्यात असतं. दुःखाच्या रडण्यात आवाज असतो, अंग सावरत नाही. ईर्ष्येच्या रडण्यात ओठ आणि गाल थरथरतात, भुवया वाकड्या होतात. पाठवणीला यांपैकी नेमकं कुठलं? आश्रमातल्या वडीलधाऱ्या गौतमीचं, सख्यांचं, शकुंतलेचं एकाच जातीचं रडणं बसवलं की रंगमंचावर नुसता कल्लोळ उरतो.

आवाजाबद्दल दोन वाक्यं. करुणाला विलंबित लय, हास्य-शृंगाराला मध्य, वीर-रौद्रादींना द्रुत, हे पाठ्याच्या, म्हणजे संवाद म्हणण्याच्या, अध्यायात आहे. करुणाला गांधार-निषाद सांगितले आहेत तेही तिथेच. पण ते स्वर आजच्या रागांवर जसेच्या तसे लावू नका. ती ग्राम-मूर्च्छनांची जुनी स्वरव्यवस्था वेगळी होती, आणि अमुक स्वर म्हणजे करुण, अशा कोष्टकांनी गाणं बिघडतं.

आता कुठे चुकतं ते. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं काव्यप्रकाशात रसदोषांची, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुकांची, यादी दिली आहे. पहिलाच दोष भावनेचं नाव घेण्याचा. ‘मला अतोनात दुःख झालं’ असं पात्र म्हणतं, आणि प्रेक्षकाला एक बातमी मिळते. याला सुंदर अपवाद याच अंकात आहे. कण्व ‘माझा शोक कसा शमेल?’ असं उघड म्हणतो. तरी ते चालतं, कारण त्याच श्लोकात झोपडीच्या दाराशी शकुंतलेनं बळी (अन्नाचं अर्पण) म्हणून टाकलेले नीवाराचे, म्हणजे रानभाताचे, दाणे उगवून आले आहेत. रोज दार उघडलं की ते दिसणार. विभाव एवढा भक्कम असेल तर भावनेचं नाव पचतं. नुसतं नाव घेतलंत आणि कारण दाखवलं नाही, तर पचत नाही.

दुसरा दोष तीच भावना पुन्हापुन्हा चेतवण्याचा. त्याचं उदाहरण म्हणून मम्मट कालिदासाच्या कुमारसंभवातला रतिविलाप, म्हणजे मदन जळाल्यावरचा त्याच्या पत्नीचा आक्रोश, देतो. कालिदासालाही सूट नाही. तिसरा, भलत्या वेळी रस पसरणं: वेणीसंहार नाटकाच्या दुसऱ्या अंकात युद्धात वीर पडत असताना दुर्योधन पत्नी भानुमतीशी शृंगार करतो. चौथा, रंगात आलेला रस मध्येच तोडणं. आपल्या मालिकांत हे चारही दोष एका भागात सापडतात, पण ते राहू द्या.

पाठवणीतला सर्वांत सामान्य दोष शेवटी होतो. शकुंतला गेल्यावर कण्व म्हणतो, कन्या म्हणजे परक्याची ठेव. ती परत केल्यावर माझं मन स्वच्छ झालं आहे. ‘विशदः’ हा शब्द आहे. आज त्या विचाराशी आपलं जमणार नाही, पण नाट्याची रचना पाहा: अंक आसवांवर संपत नाही, सुटकेवर संपतो. नट हे वाक्य भरल्या गळ्यानं म्हणतो आणि व्यभिचारी भावाचा हा शेवटचा, अनपेक्षित वळसा फुकट जातो. इथे श्वास मोकळा सुटला पाहिजे. प्रेक्षकाला मग स्वतःच कळतं की हा माणूस संध्याकाळी त्याच दाराशी जाणार आहे.

राहिला अंतराचा प्रश्न. भरत मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगतो. हात १८ इंचांचा धरला तर ९६ फूट बाय ४८ फूट, आणि त्यातला निम्मा भाग प्रेक्षकांचा. म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगपीठापासून (रंगमंचापासून) साधारण ४८ फुटांवर. यापेक्षा मोठं करू नका, कारण आवाज विस्वर होतो आणि चेहऱ्यावरचा भाव अस्पष्ट होतो, असं कारणही दिलं आहे. आपली बाल्कनीची नाट्यगृहं त्याच्या कितीतरी पुढे गेली. माइकनं आवाजाचा प्रश्न अर्धा सोडवला. पापणीचा सोडवला नाही. त्यासाठी भरताचीच एक युक्ती आहे. घाम मनात येईल तेव्हा आणता येत नाही, म्हणून पंखा हातात घ्यावा, कपाळ पुसावं, वाऱ्याची इच्छा दाखवावी. जे दिसणार नाही त्याच्या जागी त्याच्याशी बांधलेली कृती.

शकुंतलेचं वस्त्र मागून ओढलं जातं तो क्षण असाच बसवावा लागतो. दर्भानं तोंड फाटलेल्या ज्या पाडसाला तिनं इंगुदीचं तेल लावलं, मूठ-मूठ सावे भरवून वाढवलं, ते वाट सोडत नाही. पाडस दाखवायची गरज नाही. चालताना पाऊल अडणं, पदर मागे ताणला जाणं, मग मान वळणं, मग नजर गुडघ्याच्या उंचीवर उतरणं: या चार कृती सुट्या आणि याच क्रमानं आल्या तर बाल्कनीतही कळतं. नजर आधी गेली तर पाडस नाहीसं होतं, कारण आपल्याला कोण ओढतंय हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखं दिसतं. तालमीत दिग्दर्शकानं एकदा शेवटच्या रांगेत बसून, संवाद बंद ठेवून हा तुकडा पाहावा. मग डोळे मिटून नुसता ऐकावा. पहिल्या वेळी कारण कळलं नाही, तर कण्वाच्या आवाजावर मेहनत घेऊ नका, पदराची लांबी वाढवा.