व्ह्यूज लाखात, पैसे हजारात: हिशेब नेमका कसा होतो?

नमस्कार मंडळी. चॅनेल सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक लाख व्ह्यूजला किती मिळतात? याचं एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. यूट्यूब व्ह्यूजचे पैसे देत नाही. जाहिरातदार जाहिरातीचे पैसे मोजतो आणि त्यातला वाटा आपल्या खात्यात येतो. आता हा हिशेब मांडूनच बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

व्हिडिओला १,००,००० व्ह्यूज आले. त्यातल्या ४५,००० व्ह्यूजमध्ये जाहिरात लागली. काहींत दोन लागल्या, म्हणून जाहिराती दिसल्या एकूण ६०,००० वेळा. हजार वेळा जाहिरात दाखवायचा दर, म्हणजे सीपीएम, ८० रुपये. जाहिरातदारानं भरले ४,८०० रुपये. लांब व्हिडिओच्या जाहिरातीत आपला वाटा ५५ टक्के, म्हणजे २,६४०. एक लाख व्ह्यूज म्हणजे शंभर हजार, तेव्हा भागिले शंभर, तर हजार व्ह्यूजमागे २६ रुपये ४० पैसे. हा झाला आरपीएम. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या ॲपमध्ये, सीपीएम ८० दिसला की लोक त्याला थेट शंभरनं गुणतात, ८,००० येणार म्हणून बसतात, आणि २,६४० बघून यूट्यूबनं पैसे खाल्ले म्हणतात. आपल्या कामाचा आकडा आरपीएम. त्यात मेंबरशिप (चॅनेलची मासिक वर्गणी), सुपर चॅट (लाइव्हमध्ये पैसे देऊन टाकलेला मेसेज) आणि प्रीमियमचा (जाहिरातींशिवाय बघायची यूट्यूबची वर्गणी) वाटाही धरलेला असतो, हेही लक्षात ठेवा.

बाकीच्या ५५,००० व्ह्यूजचं काय झालं? कुणाकडे जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर होता. कुणाला आधीच्या व्हिडिओत नुकतीच जाहिरात दाखवून झाली होती. त्या क्षणी त्या प्रेक्षकासाठी बोली लावणारा जाहिरातदार नव्हता, असंही होतं. प्रीमियमवाल्याला जाहिरात दिसत नाही, पण त्याच्या वर्गणीतला वाटा त्यानं आपलं किती वेळ बघितलं त्यावर मिळतो. शिवाय स्किप करता येणाऱ्या जाहिरातींत एक प्रकार असा आहे, की प्रेक्षकानं ३० सेकंद किंवा पूर्ण जाहिरात बघितली, नाहीतर तिच्यावर क्लिक केलं, तरच जाहिरातदार पैसे मोजतो. पाचव्या सेकंदाला स्किप केली तर शून्य.

दर लिलावात ठरतो. गृहकर्ज, विमा, लॅपटॉप असल्या विषयांवर बोली चढी असते. विनोदी फितींना प्रेक्षक भरपूर, बोली कमी. तोच मराठी व्हिडिओ न्यू जर्सीत बघितला गेला तर साधारणपणे नाशिकपेक्षा जास्त देतो, कारण तिथला प्रेक्षक मिळवायला जाहिरातदार जास्त मोजतात. दसरा-दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत दर चढतात, जानेवारीत उतरतात. जानेवारीचा आकडा बघून थंबनेल बदलत बसू नका. बडबडगीतं, बालकथा यांचं गणित वेगळं: ‘मुलांसाठी’ अशी खूण असलेल्या व्हिडिओंवर जानेवारी २०२० पासून प्रेक्षकाच्या आवडीनुसार नेमलेल्या जाहिराती लागत नाहीत. अमेरिकेत २०१९ मध्ये यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाल्यावर हा बदल आला. दर पडतो म्हणून खूण टाळली तर यूट्यूब स्वतः लावतं, आणि वारंवार लपवलंत तर कारवाईही होते.

आता प्रवेशाची अट. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास सार्वजनिक वॉचटाइम (लोकांनी बघितलेला एकूण वेळ), किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ माणूस सरासरी चार मिनिटं बघत असेल तर ६०,००० व्ह्यूज लागले. शॉर्ट्स फीडमधला वेळ यात धरत नाहीत. अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंकवरून उघडणाऱ्या व्हिडिओचा, डिलीट केलेल्याचा आणि पैसे देऊन केलेल्या प्रमोशनचाही नाही. ५०० सबस्क्रायबरची एक खालची पायरी आहे, पण तिच्यावर मेंबरशिप वगैरे सुरू होतं, जाहिराती नाहीत. आणि ते ‘तू मला कर, मी तुला करतो’वाले व्हॉट्सॲप ग्रुप आजच सोडा. त्यातले सबस्क्रायबर पुढचा व्हिडिओ उघडत नाहीत. एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करणं तर त्याहून वाईट: ते अवैध ट्रॅफिक ठरतं, पैसे कापले जातात, कधी खातंच बंद होतं.

अट पूर्ण झाली की चॅनेलची तपासणी होते, आणि खरी गळती इथे होते. दुसऱ्याच्या बातम्यांच्या क्लिपा जोडून वर दोन वाक्यं बोलणं हा ‘रीयूज्ड’ मजकूर. एकाच साच्यातले, फोटो सरकवून यंत्राच्या आवाजात वाचलेले ढीगभर व्हिडिओ हा दुसरा प्रकार. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबनं या दुसऱ्या प्रकाराच्या नियमाचे शब्द अधिक स्पष्ट केले. एआयचा आवाज वापरला म्हणून कुणी नाकारत नाही. व्हिडिओत तुमची भर काय आहे, ते तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे.

मिडरोल म्हणजे मधल्या जाहिराती. त्या आठ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत लावता येतात. जुलै २०२० पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटं होती. आता आठची अट आहे म्हणून लोक पाच मिनिटांची पाककृती ताणून आठ मिनिटं दहा सेकंदांची करतात. रिटेन्शनचा, म्हणजे प्रेक्षक कुठपर्यंत टिकतात त्याचा आलेख उघडा. चौथ्या मिनिटाला निम्मे लोक गेले असतील तर सहाव्या मिनिटाची जाहिरात उरलेल्या निम्म्यांनाच दिसणार, आणि पाल्हाळामुळे पुढच्या व्हिडिओची शिफारसही घटणार. जागा निवडताना वाक्य संपलेलं असावं, काम नव्हे. फोडणी दिली, आता दहा मिनिटं झाकण ठेवायचं, इथे जाहिरात चालते, कारण पुढे काय होतं ते बघायला माणूस थांबतो. ‘मीठ घाला’ या शब्दांच्या मध्ये आलेली चालत नाही. मे २०२५ पासून यूट्यूब स्वाभाविक विरामातल्या जागांना प्राधान्य देतं, आणि हातानं लावलेली जागा प्रेक्षकाला तोडणारी असेल तर स्टुडिओत तसं दाखवतं. आपोआप आणि हातानं, दोन्ही पर्याय एकत्र ठेवलेले बरे.

शॉर्ट्सचा हिशेब फेब्रुवारी २०२३ पासून निराळा आहे. तिथे एका शॉर्टला एक जाहिरात असं नसतं. फीडमधल्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमतात, संगीताचा भाग बाजूला निघतो, उरलेले देशनिहाय व्ह्यूजच्या प्रमाणात वाटले जातात, आणि तुमच्या नावच्या रकमेतले ४५ टक्के तुम्हाला. गाणं वापरलं तरी तुमचे ४५ टक्के कायम राहतात. संगीताची कपात त्याआधीच्या एकत्र रकमेतून झालेली असते. लांब व्हिडिओत मात्र गाणं महागात पडतं. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण त्याचं ध्वनिमुद्रण कंपनीचं असू शकतं. जत्रेच्या व्हिडिओत मागे डीजे वाजत असला तरी कंटेंट आयडी ही यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा ते ओळखते आणि उत्पन्न दावेदाराकडे वळतं. हा दावा आहे, स्ट्राइक (चॅनेलवर लागणारी शिक्षेची नोंद) नव्हे. घाबरून व्हिडिओ उडवू नका. स्टुडिओतच तेवढा तुकडा कापता येतो, गाणं गप्प करता येतं किंवा बदलता येतं. दावा चुकीचा असेल तर पाच दिवसांच्या आत आक्षेप घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. दावेदाराला उत्तराला ३० दिवस मिळतात. हक्क नसताना हट्टानं अपील केलं तर मात्र प्रकरण स्ट्राइकपर्यंत जातं.

स्टुडिओत व्हिडिओपुढची डॉलरची खूण पिवळी दिसली तर जाहिराती मर्यादित झाल्या. व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून तपासणी पूर्ण होऊ द्या, मगच सार्वजनिक करा. पहिल्या दोन दिवसांचे व्ह्यूज पिवळ्यात गेले तर नंतर हिरवा होऊन फारसा उपयोग नसतो.

शेवटी पैसे हातात कसे पडतात. गुगल ज्यातून पैसे देतं ते ॲडसेन्सचं खातं माणशी एकच. जुनं विसरून दुसरं उघडलं की ते अडकतं. १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला पोस्टानं पिन येतो. पत्ता आधारवर आहे तसा लिहा, पिनकोड आणि मोबाईल घाला. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरताना पॅन द्या आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. मग फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के कापतात. २०० डॉलरमध्ये ४० अमेरिकेचे असतील तर ६ डॉलर. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४८ डॉलरपर्यंत कपात होऊ शकते. कापलेल्या कराचं क्रेडिट इथल्या विवरणपत्रात मागता येतं.

महिन्याची पक्की रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेत दिसते, १०० डॉलर पुरे झाले असतील तर २१ ते २६ मध्ये निघते. बँकेत स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारासाठी बँकेचा ओळखक्रमांक) आणि खात्यावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. पैसे परदेशातून येतात म्हणून बँक कारण विचारते: जाहिरात सेवा, असं सांगा आणि परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून ठेवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी येते, आणि ही सेवा निर्यात म्हणून दाखवायला तोच दाखला लागतो.